समोरच्या भिंतीतली खुंटी

४ जानेवारी

कोपऱ्यावरचं किराणा दुकान जाऊन तिथे बँक आली आणि त्या बँकेने आज ही डायरी फुकट दिली. मी खातंही उघडलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीला वाटलं असेल, ही बाई काही दारातून हलत नाही, हातावर काहीतरी टेकवा. हे म्हणाले, तुला कशाला डायरी, कपड्यांचा हिशोब वहीत असतोच. म्हटलं, हिशोब वहीत, बाकीचं इथे. बाकीचं म्हणजे काय, असं विचारून ते उत्तराची वाट न बघता पुन्हा टीव्हीकडे वळले. बाकीचं म्हणजे तुम्हीच, असं अगदी ओठांवर आलं होतं.

पहिल्याच पानावर वाईट बातमी लिहायचं जिवावर येतं. समोरचीचं घर विकलं जातंय. गल्लीपलीकडे, माझ्या खिडकीसमोर ती भाड्याने राहते, माझ्यासारखीच धुणी धुते. घरमालक परगावी. असं एक घर आपल्या नावावर आहे हे तो इतकी वर्षं विसरूनच गेला होता. भाव वाढले आणि त्याला आठवण झाली. आज एक तरुण जोडपं घर बघून गेलं. दोघांचे बूट इतके स्वच्छ की आमच्या गल्लीतून चालत आले यावर विश्वास बसेना. त्यातल्या बाईने समोरचीच्या खिडकीतून वाकून फोटो काढले. गल्लीवरच्या दोऱ्यांवर माझ्या चादरी होत्या, मी या टोकाने ओढत होते, समोरची त्या टोकाला गुंता सोडवत होती. "किती सुंदर," असं ती बाई सारखी म्हणत होती.

ते गेल्यावर समोरची मला म्हणाली, "फोटोला मी चालते, फक्त राहायला नको." तिची जीभ अशीच आहे. आम्ही दोघी हसलो, पण मग ती लगेच खिडकी लावून आत गेली.

९ जानेवारी

आज दलाल आला होता. अंगाला एवढं अत्तर की वाळत घातलेल्या अभ्र्यांनाही वास लागला. या दोऱ्या कुणाच्या, असं विचारत होता. त्याला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले, कारण आजवर हे कुणाला समजवायची वेळच आली नव्हती.

कारखान्याने ही घरं बांधली तेव्हा कामगारांना अंगण लागतं हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. छपरं उतरती, पुढे रस्ता, मागे ही अरुंद गल्ली. मग धुणं वाळवायचं कुठे? गल्लीवरून आडव्या दोऱ्या. दोरीचं एक टोक आपल्या खिडकीशी, दुसरं समोरच्याच्या भिंतीतल्या खुंटीला, दोन्हीकडे कप्पी. खिडकीत उभं राहून कपडा लावायचा आणि दोरी ओढायची, की तो आपोआप पुढे जातो. कप्प्या आमच्या यांनी बनवलेल्या, कारखान्यात फिटर होते तेव्हाच्या, भंगारातल्या लोखंडाच्या. कारखाना बंद पडला, यांच्या थकलेल्या पगारापोटी हे घर आमच्या नावावर झालं, आणि तेव्हापासून घर चालतं ते माझ्या धुण्या-इस्त्रीवर. म्हणजे त्या दोऱ्यांवर.

दलालाला म्हटलं, आपल्या भिंतीतली खुंटी आपली नसते, समोरच्याची असते. तिच्यावर आपण फडकंसुद्धा टांगायचं नाही. भिंत रंगवली तर खुंटीची जागा सोडून रंगवायची. आणि घर सोडून जाताना समोरच्याच्या कप्पीला तेल घालून जायचं, मग भांडण का असेना.

"हे कायद्यात आहे का?" त्याने विचारलं.

गल्लीत आहे, म्हटलं. तो नुसता हसला.

२३ जानेवारी

समोरचीला पुलापलीकडे जागा मिळाली. हमरस्त्याच्या पलीकडची ती नवी वस्ती, जिथे बसही मनात आलं तरच जाते. घर लहान आहे म्हणाली, पण मागे मोठी शेड आहे, वारा चांगला आहे. मग म्हणाली, "तू पण ये. दोघी मिळून धुलाई काढू. मोठं काम घेऊ. एकटीच्या हातात किती मावणार गं?"

मी म्हटलं, माझं डोकं फिरलंय का? इतकी वर्षं आपण मेसवाल्यांचे तेलकट ॲप्रन आणि वृद्धाश्रमाच्या चादरी घासल्या. आता कुठे इथे चांगले लोक यायला लागलेत, बरे कपडे घालणारे, आणि नेमकी आता मी उठून पुलापलीकडे जाऊ?

तिने खिडकीतले चिमटे गोळा करायला घेतले. मी बोलले त्यात खोटं काय होतं? उगाच तोंड पाडून बसायची सवय आहे तिला.

१ फेब्रुवारी

आज समोरची गेली. टेम्पोत सामान भरून झाल्यावर सगळ्यात शेवटी खिडकीत आली आणि माझ्या कप्पीला तेल घातलं. बोटाने फिरवून फिरवून घातलं, मग दोरी ओढून बघितली. जरासुद्धा आवाज आला नाही.

खाली येऊन म्हणाली, "तिथे शेडला समोरासमोर दोन भिंती आहेत. एका भिंतीत तुझ्यासाठी खुंटी ठोकून ठेवते. मन बदललं तर ये."

मी मान हलवली. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा रडू आलं. हे बाजूला उभे होते, त्यांनी खांद्यावर हात ठेवला तसं मी त्यांना, दुधाचं भांडं गॅसवर आहे, असं ओरडून आत पाठवलं.

१९ फेब्रुवारी

समोर तोडफोड चालू आहे. भिंती पाडताहेत, आतल्या आत. पांढरी धूळ माझ्या सगळ्या धुण्यावर. काल एका धुण्याच्या जागी दोन धुणी झाली. आज सकाळी पदर खोचून भांडायला गेले तर ती नवी बाई स्वतःच दारात उभी. काकू, खरंच सॉरी, आम्हाला किती वाईट वाटतंय, असं तिने इतक्या गोड आवाजात सांगितलं की माझं तयार करून नेलेलं सगळं भांडण वाया गेलं. वर म्हणाली, काकू, तुम्ही आमचे शर्ट घ्याल का? दोघांचेही. आठवड्याला बरेच असतात.

खुंटीबद्दल विचारलं. काढणार नाही म्हणाली. उलट ती जुनी खुंटी त्यांना फार आवडली आहे.

यांना सांगितलं. हे म्हणाले, आवडली म्हणजे काय? खुंटी काय आवडायची वस्तू आहे? याला म्हणतात दृष्ट लावणं.

७ मार्च

काय शर्ट आहेत! कापड असं की इस्त्री फिरवताना हाताला कळतं, हे माणूस उन्हात उभं राहत नाही. मला आता कॉलरवरूनच पगाराचा अंदाज येतो. मेसवाल्यांच्या कॉलरला घामाची काळी रेघ, वृद्धाश्रमाच्या चादरींना औषधाचा वास, आणि या शर्टांना कसलाच वास नाही. धुवायला का देतात, असा प्रश्न पडतो.

त्यांच्यामुळे शेजारच्या दोन नव्या घरांनीही माझ्याकडे कपडे लावले. सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे: नवरा-बायको दोघं नोकरीत, घरात मूल नाही, कुत्रा आहे. परवा एका कुत्र्याची गादी आली धुवायला. पूर्वी माझ्या धुण्यात लंगोट असायचे, दुपटी असायची, शाळेचे गणवेश असायचे. आता सगळ्या गल्लीत एकही गणवेश वाळत नाही. शाळेच्या बसनेही आमचा थांबा बंद केला म्हणे. मला काय, गादी तर गादी. ती मी गणवेशासारखीच धुतली.

मी भाव वाढवला. कुणी हूं की चूं केलं नाही.

२ एप्रिल

आज मेसवाल्याला नाही म्हणून सांगितलं. नव्या बाईने काही तसं म्हटलं नव्हतं, ती नुसतं एवढंच म्हणाली की काकू, ते पिवळट डागांचे ॲप्रन अगदी आमच्या जेवणाच्या टेबलासमोर येतात हो. शहाण्याला इशारा पुरे. वृद्धाश्रमाचंही काम सोडलं. चादरी मोठ्या, पैसे थोडे, आणि दोरी सगळी अडते.

मेसवाला जुना माणूस. मान खाली घालून गाठोडं उचलून गेला. हे त्याला वळणापर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर म्हणाले, "त्याने पावसापाण्यात कधी कपडे थांबवले नव्हते."

मी म्हटलं, मग तुम्हीच धुवा.

१४ एप्रिल

समोरचीचा फोन. अजून मी तिला समोरचीच म्हणते, समोर मात्र काचेची मोठी खिडकी आली आहे आणि खिडकीमागे एक झाड, कुंडीतलं. तिने विचारलं कसं चाललंय. मी सगळं सांगितलं. जरा जास्तच रंगवून सांगितलं असेन. मग तिने विचारलं, मेसचं आणि वृद्धाश्रमाचं काम तू सोडलंस म्हणतात, ते मी घेऊ का?

घे की, म्हटलं. मला काय करायचंय त्याचं? मोठ्या मनाने दिलं. फोन ठेवल्यावर वाटलं, बिचारीला माझं टाकलेलं काम घ्यावं लागतंय. हे बाजूला बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, छान केलंस. पहिल्यांदा यांना माझं काही पटलं.

३ मे

शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर तिघी राहतात, दवाखान्यात मदतनीस आहेत. एका खोलीत तिघी. त्यांची दोरी माझ्या दोरीच्या वरून जाते. कपडे नीट न पिळता घालतात, आणि त्यांचे निळे गणवेश माझ्या पांढऱ्या शर्टांवर टपटप गळतात. आज एका शर्टाच्या खांद्यावर निळा डाग! लिंबू चोळलं, मीठ चोळलं, माझा अख्खा दिवस त्या खांद्यावर गेला. वर जाऊन बोलले तर त्यातली धाकटी म्हणते, काकू, रात्रपाळी संपवून येतो तेव्हा पिळायला हातात जीव नसतो.

माझ्या हातात कुठून येतो मग?

२० मे

आज गल्लीतल्या सगळ्यांची बैठक होती. सायकलवाल्याच्या जागी जे कॉफीचं दुकान आलंय त्यात. एक कप कॉफी तिथे एवढ्याला की मी पाणी प्याले. चारांत तीन लोक नवे, जुने म्हणजे आम्ही दोघं आणि आणखी दोन म्हातारे, त्यांतल्या एकाला ऐकू येत नाही. भाड्याने राहणाऱ्यांना बोलावलंच नव्हतं. घराचे मालक हवेत म्हणाले.

नव्या बाईनेच विषय काढला. गल्ली सुधारायची. खाली फरशी, कडेला कुंड्या, दिवे. आणि वरच्या दोऱ्या-तारांचं जाळं काढून टाकायचं. माणसाने वर बघितलं तर आकाश दिसलं पाहिजे, असं ती म्हणाली. ऐकायला खरंच चांगलं वाटलं. वर बघितलं की मला निळे गणवेश दिसतात.

ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा म्हणाले. मी केला. यांनी मला कोपराने ढोसलं, तरी केला. यांचा हात मांडीवर होता तो तसाच राहिला. नवी बाई माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, जुने लोकसुद्धा आपल्याबरोबर आहेत, याचा मला जास्त आनंद आहे. टाळ्या वाजल्या.

घरी येताना हे म्हणाले, "अगं, दोऱ्यांत तुझीही दोरी आहे."

मी यांना समजावलं. माझ्या दोरीचा प्रश्नच येत नाही. तिच्यावर त्यांचेच शर्ट वाळतात. स्वतःचेच शर्ट वाळत असलेली दोरी कोण कापेल? काढायच्या आहेत त्या वरच्या तिघींसारख्यांच्या. हे मान हलवत पुढे चालायला लागले. या माणसाला आयुष्यात एक गोष्ट धड समजेल तर शपथ.

२८ मे

नवी बाई रस्त्यात भेटली. त्यांच्याकडे एक मोठं खोकं उतरवत होते. मी विचारलं नवीन काय घेतलं. असंच, घरातलं, म्हणाली. घाईत होती. शर्टांचं गाठोडं या आठवड्यात जरा लहान आलं.

११ जून

कापली.

१२ जून

काल लिहवेना. आज लिहिते.

सकाळी शिडी घेऊन माणसं आली. वरच्या तिघींची दोरी आधी कापली, मी खिडकीतून बघत होते. बरं वाटलं, उगाच खोटं कशाला लिहू? मग शिडी सरकवून माझ्या खुंटीपाशी आले. दोरीवर शर्ट होते, ओले, सगळे त्यांचेच. मी ओरडले, अहो, ही नाही, ही त्यांचीच आहे. तो माणूस म्हणाला, बाई, सगळ्याच आहेत. कपडे काढून घ्या.

मी समोरच्या खिडकीवर हाका मारल्या. काच बंद, पण आत ती दिसत होती. मग काच सरकली. म्हणाली, "काकू, मी तुम्हाला आज सांगणारच होते. आम्ही वाळवायचं मशीन घेतलंय. तुम्हाला एवढा त्रास आता नको. तुमचं वय बघता."

"पण मी काय करू?"

"तुम्हीच तर हात वर केला होता, काकू," असं म्हणाली ती. रागाने नाही. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

मी शर्ट ओढून घेतले. एक खाली पडला, चिखलात नाही, त्यांच्या नव्या फरशीवर. खुंटी निघताना भिंतीचा तुकडा निघाला. त्यांनी तिथे लगेच सिमेंट भरलं, अगदी छान गुळगुळीत. कप्प्या एका पोत्यात टाकून पोतं वळणावर कचऱ्यात ठेवलं. संध्याकाळी हे ते पोतं पाठीवर घेऊन घरी आले. म्हटलं, आता त्याची पूजा करायची आहे का? हे जमिनीवर कागद पसरून एकेक कप्पी घासत बसले.

३० जून

घरात धुणं वाळत नाही. खाटेवर, खुर्च्यांवर, दारावर, सगळीकडे ओले कपडे, आणि घरभर कुबट वास. कुत्रेवाल्यांनी गादी परत केली, वास येतो म्हणून. कुत्र्याला वास येतो! दोन्ही शेजाऱ्यांचे कपडे गेले. मेसवाल्याला फोन केला, पुन्हा काम द्या म्हणून. काकू, आता तिकडे लावलंय, चांगलं धुतात, असं म्हणाला. चांगलं धुतात. मी काय वाईट धुत होते?

वरच्या तिघी खोली सोडून गेल्या. भाडं वाढलं होतं, त्यात गणवेश वाळवायला जागा राहिली नाही. ओले गणवेश घालून कामावर जात होत्या म्हणे. जाताना धाकटी खाली आली आणि दारात उभी राहिली. वाटलं, आता बोलणार. पण म्हणाली, काकू, तुमच्या कप्पीला तेल घालायचं होतं, जाताना घालतात ना इथे? पण कप्पीच नाही. आणि गेली.

मला टोमणा मारला की कसं, अजून कळत नाही.

१८ जुलै

यांना फिरायचं वेड लागलंय. इतकी वर्षं दारातून रस्त्यापर्यंत जायला सांगावं लागायचं, आता सकाळी चहा झाला की पिशवी घेऊन बाहेर. पिशवीत काय, तर पाण्याची बाटली म्हणतात. पिशवी जड दिसते. दुपारी परत येतात, हात काळे, आणि तोंडावर एक प्रकारचं समाधान. मला ते समाधान डोळ्यांत खुपतं. इथे माझं कंबरडं मोडलंय आणि हे ताजेतवाने.

मला संशय आहे की हे दलालाला भेटतात. घर विकायचं यांच्या मनात असेल. तो अत्तरवाला परवा दारात येऊन गेला, म्हणाला, ताई, आता ह्या घरात तुम्ही सोन्यावर बसलाय. म्हटलं, बसायला जागा आहे कुठे, सगळीकडे ओले कपडे आहेत. यांचा शर्ट रोज हुंगून बघते. अत्तराचा वास येत नाही. ग्रीसचा येतो.

५ ऑगस्ट

नव्या बाईने बोलावलं. काकू, इस्त्रीला तुमच्यासारखा हात नाही, तुम्ही आमच्याकडे येऊन कराल का? आठवड्यातून दोनदा. मी नाही म्हणणार होते. चांगलं खडसावून नाही म्हणणार होते. हो म्हणाले.

१२ ऑगस्ट

त्यांच्या घरात पहिल्यांदाच बैठकीच्या खोलीत गेले. जिथे समोरचीची खाट असायची तिथे आता इस्त्रीचं टेबल लावून दिलं. समोर भिंतीवर एवढा मोठा फोटो, चौकटीत, वर खास दिवा. आमची गल्ली. दोऱ्या, माझ्या चादरी, आणि खिडकीत मी, तोंड उघडं, काहीतरी बोलतेय. कडेला समोरचीचा हात आहे, कोपरापर्यंत. बाकीची ती कापली गेली आहे. त्या हाताने ती माझा गुंता सोडवत होती.

पाहुणे आले होते. बाईंनी त्यांना मला दाखवलं, फोटोतल्या ह्याच त्या. सगळ्यांना फार गंमत वाटली. एकाने विचारलं, या दोऱ्या आता कुठे आहेत? बाई म्हणाल्या, "सगळं बदलतं ना. म्हणून तर फोटो जपायचा."

माझ्या हातात गरम इस्त्री होती. हे इथेच लिहिते, कारण कुणाला सांगता येणार नाही: ती त्या शर्टावर तशीच ठेवावी आणि घरी निघून जावं, असं फार मनात आलं. ठेवली नाही. कफ नीट केला. कापड खरंच चांगलं होतं.

२ सप्टेंबर

आज गेले. पुलापलीकडे. यांना न सांगता. बसमधून उतरल्यावर विचारायची गरज पडली नाही, लांबूनच दिसलं. शेडच्या दोन भिंतींमध्ये ओळीने दोऱ्या, त्यांवर ॲप्रन, चादरी, भरपूर वारा. दोन बायका पिळत होत्या, समोरची टोपलीत चिमटे निवडत होती. आणि शिडीवर आमचे हे. हातात तेलाची बाटली. दोऱ्यांना सगळ्या कप्प्या आमच्याच गल्लीतल्या. माझी मी लगेच ओळखली, तिच्या कडेला एक टवका आहे.

यांनी मला बघितलं, खाली उतरले, पाणी प्याले.   इतके दिवस मी त्यांचे शर्ट हुंगत होते.

समोरचीने स्टूल पुढे केलं. बस, म्हणाली, चहा घे. चहा होईपर्यंत मी काय काय ठरवून आले होते ते विसरले, आणि शेवटी सरळ विचारलं, "माझी खुंटी ठोकली होतीस ना?"

"ठोकली होती," ती म्हणाली. "जून संपत येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. तू बैठकीत हात वर केलास ते कळलं, तरी ठेवली. म्हटलं, रागात केला असेल." तिने कप माझ्या हातात दिला. "मग त्या तिघी इकडे राहायला आल्या. त्यांना दोरीच नव्हती कुठे. त्यांना दिली."

मी वळून बघितलं. टवक्याच्या कप्पीवरून निळे गणवेश जात होते. खाली आता पांढरं काही नव्हतं, त्यामुळे गळले तरी कुणाचं बिघडत नव्हतं.

तिने काम देऊ केलं, इस्त्रीचं, रोजावर. प्रेमानेच देऊ केलं. मला तिचा इतका राग आला की कप तसाच खाली ठेवला, आणि तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं याचा आणखी राग आला. बघते, म्हटलं.

परतताना बसमध्ये हे शेजारी बसले. मी विचारलं, दुसरी एक खुंटी नाही का ठोकता यायची, भिंत एवढी लांब आहे.

"खुंटी ठोकतो," हे म्हणाले. "कप्पीही करून देतो. पण समोर कोण उभं राहणार तुझ्या?"

त्यांनी ते टाकून बोलायचं म्हणून विचारलं नव्हतं. ते खरंच विचार करत होते, एकेक जण आठवून बघत होते. पूल येईपर्यंत त्यांना कुणी आठवलं नाही. मलाही नाही.

३ सप्टेंबर

उद्या बाईंकडे पडदे आहेत इस्त्रीला. फोटोची काचही पुसून द्या म्हणाल्यात.